मागच्या इमारतीच्या चादरी

त्या हॉस्पिटलात टाके घालणाऱ्या बायका दोनच. एक वरच्या मजल्यावरची सर्जनबाई आणि दुसरी तळघरातल्या शिवणखोलीतली टाकेमावशी. सर्जनबाईंचे टाके आठवड्याभरात काढून टाकतात, माझे मात्र कापड कुजेपर्यंत टिकतात, असं टाकेमावशी म्हणायची. हा विनोद तिने इतक्यांदा केला होता की लाँड्रीतली माणसं आता हसायचीही नाहीत, नुसती मान हलवायची. तिलाही त्यात फारशी मजा उरली नव्हती. पण नवं माणूस कामावर आलं की त्याला एकदा ऐकवल्याशिवाय तिला राहवायचं नाही.

वय पन्नाशीला टेकलेलं. घरी थोरली बहीण तिला अजून 'छोटी' म्हणायची आणि लाँड्रीत तिच्याहून मोठी माणसंसुद्धा 'मावशी' म्हणायची. हॉस्पिटलात मावशी हे नातं नसतं, पद असतं. शिवणखोली लाँड्रीच्या लांबलचक हॉलच्या टोकाला होती. खिडकी एकच, तीही छताला चिकटलेली. तिच्यातून बाहेर जाणाऱ्या-येणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. दिवसभर वॉर्डांतून फाटकं-तुटकं येत राहायचं: बटणं गेलेले पेशंटचे सदरे, बंद तुटलेले ऑपरेशनचे हिरवे झगे, खिशांचे कोपरे उसवलेले डॉक्टरांचे कोट. मधोमध विरलेली चादर आली की ती तिला उभी फाडायची, धडधाकट कडा मधे आणून जोडायची आणि विरलेला भाग बाजूला सारायची. अशी चादर आणखी दोन वर्षं सहज निघते. असल्या चादरींवर अर्धं गाव झोपून उठलं होतं.

महिन्यातून एकदा, जेवणाच्या सुट्टीत, टाकेमावशी काखेत घडी घातलेल्या चादरींचा गठ्ठा मारायची आणि मागच्या इमारतीकडे निघायची. बॉयलरच्या मागून एक बोळ जातो, पुढे भिंत, भिंतीला लोखंडी दार, आणि दारापलीकडे मनाच्या आजारांचा दवाखाना. हॉस्पिटल एकच, आवार एकच, पण पुढच्या दारातून येणाऱ्याला ती इमारत दिसूसुद्धा नये अशी तिची जागा. गठ्ठा पाहिला की लाँड्रीतलं कुणीतरी म्हणायचं, मागचे पेशंट चादरी फार फाडतात बुवा. टाकेमावशी गप्प बसायची. त्या बिचाऱ्यांवर उगाच आळ येतोय हे तिला कळायचं आणि वाईटही वाटायचं. कारण त्या गठ्ठ्यातली एकही चादर कधी फाटलेली नव्हती, की मागच्या इमारतीतल्या पलंगावर पडलेली नव्हती. गठ्ठा जायचा तसाच परत यायचा आणि शिवणखोलीतल्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर जाऊन बसायचा. मागच्या इमारतीची पेशंट ती स्वतःच होती.

पंचविशीत तिला पहिल्यांदा 'झालं'. घरात एवढाच शब्द वापरत. झोप उडाली, भूक उडाली, आणि अंगात असा काही उत्साह संचारला की घरातले पडदे, पलंगपोस, नवऱ्याचे शर्ट, सगळं तिने कापून काढलं. तिला अख्ख्या गल्लीतल्या पोरांना नवे कपडे शिवायचे होते. शिवलेही. पुढे कितीतरी दिवस गल्लीतली पोरं तिच्या पडद्यांचे शर्ट घालून हुंदडत होती आणि ती स्वतः भिंतीकडे तोंड करून पडून होती. दुसऱ्यांदा झालं तेव्हा नवरा गेला. मेला नाही, गेला. थोरली बहीण, म्हणजे ताई, त्याच सुमाराला विधवा झालेली. दोघींचीही घरं अर्धी झाली होती, ती जोडून ताईने एक केलं.

मागच्या इमारतीत तेव्हा एक म्हातारे डॉक्टर बसायचे. त्यांनी तिला लिथियमची गोळी सुरू केली आणि दोघी बहिणींना समोर बसवून तीन गोष्टी बजावल्या. पाणी भरपूर प्यायचं. जेवणातलं मीठ एकदम तोडायचं नाही. आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी या गोळीचं नाव सांगायचं. गोळी लागू पडली. मन थाऱ्यावर आलं, हात थाऱ्यावर आले, शिवणखोलीतली नोकरी लागली. ती खोली तिला इतकी मानवली की बाहेरचं जग खिडकीतून पायांपुरतंच दिसतं, याचंही तिला बरंच वाटायचं.

तिसरी गोष्ट दोघींनी पाळली, पण एकदाच. एका वर्षी छोटीच्या पोटात उजवीकडे कळा सुरू झाल्या. दोघी पुढच्या दाराने गेल्या. ताईने प्रामाणिकपणे गोळीचं नाव सांगितलं. ते ऐकताच तपासणाऱ्या डॉक्टरच्या चेहऱ्यावर एक मऊ हसू आलं. त्याने पोटावरचा हात काढून घेतला आणि घरात काही ताणतणाव आहेत का, असं विचारलं. मग झोपेचं इंजेक्शन टोचून घरी पाठवून दिलं. दोन दिवसांनी पित्ताशय फुटलं. सर्जनबाईंनी खरे टाके घातले म्हणून ती वाचली.

ताईने आयुष्यभर पोस्टात टपालाचं वर्गीकरण केलेलं. कुठलं पत्र कुठल्या खणात, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. त्या दिवसापासून तिने छोटीच्या आजारांचेही दोन खण केले. पुढच्या दाराच्या गोष्टी पुढच्या खणात, मागच्या दाराच्या मागच्या. या खणातलं त्या खणात जाता कामा नये. औषधांच्या पिशव्यासुद्धा वेगळ्या, एक स्वयंपाकघरातल्या खुंटीला आणि दुसरी कपड्यांच्या कपाटात चादरींखाली. चादरींच्या गठ्ठ्याची युक्तीही ताईचीच. हॉस्पिटलात एकदा का कुणाला कळलं, तर उद्या तुझ्या हातात सुई देतील का, असं ती म्हणायची. दुधाने तोंड पोळलेली बाई ताकही फुंकून पिणारच. तिला दोष कोण देणार?

लाँड्रीत टाकेमावशीच्या जवळचं म्हणावं असं एकच माणूस होतं, ते म्हणजे इस्त्रीवाला. उंच, वाळका, आणि चुणी या गोष्टीचा जन्मजात वैरी. डॉक्टरांचे कोट तो असे करायचा की कोट आपले आपण उभे राहतील. ते कोट दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही, हातावर आडवे टाकून स्वतः पोचवायला जायचा. अगदी मागच्या इमारतीतल्या डॉक्टरांचेसुद्धा. यावरून लाँड्रीवाले त्याला डॉक्टरांचा जावई म्हणून चिडवायचे. तो हसायचा नाही आणि रागावायचाही नाही. टाकेमावशीशी त्याचं बोलणं दोऱ्याच्या रंगापलीकडे फारसं जायचं नाही, पण दिवसातून एकदा तो आपल्या किटलीतला चहा तिच्या यंत्राशेजारी आणून ठेवायचा.

पुढे म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. दुसरीकडचे एक डॉक्टर आठवड्यातून एक दिवस यायचे, आणि त्या दिवशी बोळापर्यंत रांग लागायची. जेवणाच्या सुट्टीत त्या रांगेचं शेपूटसुद्धा संपायचं नाही. म्हणून मग टाकेमावशी रांगेत उभीच राहीनाशी झाली. खिडकीपाशी कंपाउंडर बसायचा. तिचा चेहरा ओळखीचा, तो 'मागचंच ना?' असं विचारायचा आणि गोळ्या हातावर ठेवायचा. या गोळीसाठी अधूनमधून रक्त तपासावं लागतं, पण ते तपासणारं यंत्र बंद पडून त्यावर प्लॅस्टिकचं आच्छादन चढलं होतं, आणि त्या आच्छादनावर धूळ. विचारलं तर कंपाउंडर म्हणायचा, वरती कळवलंय. वरती म्हणजे कुठे, ते त्यालाही माहीत नव्हतं.

अशात एकदा कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि टाकेमावशीचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. पुढच्या दाराचा खण उघडला. पुढचे डॉक्टर स्वभावाने वाईट नव्हते. पण त्यांच्या दारापासून जिन्यापर्यंत माणसं उभी, त्यामुळे मान वर करून बघायला त्यांना वेळ नव्हता. कागदाकडे बघतच त्यांनी विचारलं, आणखी काही औषधं चालू आहेत का? ताई चटकन म्हणाली, काही नाही. छोटीने ताईकडे पाहिलं आणि आपल्या नखांकडे बघत बसली. डॉक्टरांनी अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी लिहून दिली आणि मीठ बंद करायला सांगितलं.

ताईचं काम म्हणजे चोख. तिने मिठाची बरणीच शेजारणीला देऊन टाकली. ताटात मीठ नाही, भाजीत मीठ नाही. छोटीच्या जिवासाठी दोघींनी ते पाणचट जेवण गपगुमान गिळलं. म्हाताऱ्या डॉक्टरांनी मिठाबद्दल सांगितलेलं ताई विसरली होती असं नाही. पण ते मागच्या खणातलं होतं.

थोड्याच आठवड्यांत टाकेमावशीचे हात थरथरायला लागले. आधी दोरा सुईत जाईना. तिला वाटलं चष्मा बदलायला हवा. मग शिवण वाकडी जायला लागली. पोट बिघडलं, ते बिघडलेलंच राहिलं. चालताना भिंतीचा आधार घ्यावासा वाटू लागला. इस्त्रीवाल्याचा चहा बशीत सांडायचा, म्हणून तो कप अर्धाच भरून आणू लागला. त्याने विचारलं काही नाही.

ताईने मात्र एकच अर्थ काढला: परत होतंय. तिची पाळत सुरू झाली. झोपलीस का, किती झोपलीस, कात्री कुठे ठेवलीस? छोटीने तिला परोपरीने सांगितलं की हे ते नाही. ते होतं तेव्हा हात पळतात, आता हात ओढावे लागतायत. पण ताईच्या कानात ते शिरेना. ती नुसती मायेने छोटीच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि ऐकलं न ऐकलं करायची. छोटीला याचं जितकं वाईट वाटलं तितकं नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. ज्या माणसाचं डोकं एकदा फिरलं, त्याच्या हातापायांचं म्हणणंही मग कुणी खरं मानत नाही. डॉक्टर मानत नाहीत ते सोडून द्या, ही तर सख्खी बहीण. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

ताईने कंपाउंडरला जाऊन विचारलं. तो म्हणाला, गोळी चुकवू देऊ नका. तेव्हापासून ताई समोर उभी राहून गोळी गिळवू लागली. गोळी गिळली की जीभ वर करून दाखवायची. पन्नाशीची बाई लहान पोरीसारखी तोंड उघडून उभी राहायची, आणि अंगात आधीच तुंबलेल्या औषधात आणखी भर पडायची. यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं.

मग एक दिवस ऑपरेशनच्या खोलीतून एक हिरवा झगा परत आला. टाकेमावशीने त्याच्या बाहीचं तोंडच शिवून टाकलं होतं. सर्जनबाईंनी हात घातला तो आत अडकला. वर आधी हशा पिकला, मग तक्रार आली. लाँड्रीच्या इनचार्जबाई स्वतः शिवणखोलीत आल्या. भली बाई, पण तिच्याही डोक्यावर चार साहेब बसलेले. तिने झगा यंत्रावर ठेवला, खाली वाकून टाकेमावशीच्या तोंडाचा वास घेतला. दारूचा वास आला नाही याचं तिला उलट वाईट वाटलं असावं, कारण दारू असती तर निदान कारण तरी मिळालं असतं.

"मावशी, उद्यापासून तुम्ही घड्या घालायला बसा," ती म्हणाली. "सुई राहू दे आता."

 टाकेमावशी बोलायला गेली तर जीभ जड झालेली, शब्द लोळत आले. ती यंत्रावर हात टेकून बसून राहिली. नवरा गेला, पित्ताशय गेलं, त्याचं तिने कधी फार केलं नाही. पण सुई गेली तर मग आपल्याकडे आपलं म्हणून काय उरलं, हे तिला सुचेना. तो दिवस मागच्या डॉक्टरांच्या येण्याचा होता. आज सुट्टी संपली तरी रांग सोडायची नाही, असं तिने मनाशी ठरवलं. कपाटावरून गठ्ठा काढला, काखेत मारला आणि निघाली.

ती बोळापर्यंत पोचलीच नाही. बॉयलरजवळ पाय एकमेकांत अडकले आणि ती आडवी झाली. गठ्ठा सुटून चादरी फरशीभर पसरल्या. सगळ्यात आधी धावला तो इस्त्रीवाला. त्याने तिला उताणी केली, डोक्याखाली हात दिला आणि स्ट्रेचर आणायला माणूस पिटाळला. स्ट्रेचर येईपर्यंत त्याने एकेक चादर उचलली. कुठे शिवण नाही, ठिगळ नाही. घड्यांच्या रेघा वर्षानुवर्षं तशाच राहून पिवळ्या पडलेल्या. असली गोष्ट इस्त्रीवाल्याच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. त्याने चादरी पुन्हा घडी करून गठ्ठा बांधला आणि आपल्या टेबलाखाली सारून दिला.

अपघात विभागात त्या दिवशी पुढचेच डॉक्टर होते. ताईला निरोप गेला, ती धापा टाकत आली. इनचार्जबाई दारात उभ्या. डॉक्टरांनी छोटीचे डोळे बघितले, हात धरून सोडून पाहिले. मेंदूला काही झालं असावं, असं ते म्हणाले. मग पुन्हा तोच प्रश्न आला: ब्लडप्रेशरच्या गोळीशिवाय आणखी काही घेतात का?

"काही नाही," ताई म्हणाली.

छोटी डोळे मिटून पडली होती. तिला ऐकू सगळं येत होतं. दारात इनचार्जबाई आहेत हेही तिला माहीत होतं. सांगितलं तर सुई कायमची गेली, नाही सांगितलं तर कदाचित आपणच. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी तिने विचार करणंच सोडलं, कारण विचार करायलाही आता त्राण नव्हतं.

"लिथियम," ती म्हणाली. शब्द लोळला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं. "मागच्या इमारतीतून. बावीस वर्षं."

डॉक्टरांची मान वर झाली. आणि ताईने बघितलं, त्यांच्या चेहऱ्यावर तेच हसू आलं, त्या जुन्या डॉक्टरचं, मऊ. त्यांनी पेनाला टोपण लावलं. असं आहे होय, असं म्हणून ते नर्सला म्हणाले, यांना मागे पाठवा, ही मागची केस आहे. पुढचा पेशंट आत येऊ लागलासुद्धा.

ताईने छोटीकडे पाहिलं. सांगून काय मिळवलंस, असं विचारायचं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण छोटीच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी ओघळून कानात शिरत होतं आणि ते पुसायला तिला हात उचलता येत नव्हता. ताईने ते पदराने पुसलं. मग स्ट्रेचर आणि दार यांच्या मधे एक स्टूल होतं, त्यावर ती बसली. वाटच अडली.

"मी उठणार नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. "माझ्या बहिणीला वेड लागलं होतं. दोनदा. त्याची गोळी ती घेते, आणि तुमची गोळी सुरू केल्यापासून तिचे हात थरथरतायत. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, ही माझी चूक. आता सांगितलं. तुम्ही तिला मागे पाठवाल, मागचे पुढे पाठवतील. तुम्ही दोघं डॉक्टर एकमेकांशी बोला. तोवर मी इथेच बसते."

डॉक्टरांनी टोपण लावलेलं पेन खाली ठेवलं. ते हसू मावळलं होतं आणि त्याखाली नुसता थकलेला माणूस दिसत होता. त्यांनी टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला. मागच्या इमारतीचा नंबर त्यांना माहीत नव्हता. नर्सलाही नव्हता. एकाच आवारात इतकी वर्षं काढली, पण तिकडे फोन करायची वेळ कुणावर आलीच नव्हती.

दारातून इनचार्जबाईंनी नंबर सांगितला. लाँड्रीला सगळीकडे फोन करावे लागतात, धुणं कुणाला चुकलंय?

बोलणं सुईत दोरा ओवायला लागतो तेवढ्याच वेळात आटोपलं. पुढचे डॉक्टर मधे एकदा 'अरे देवा' म्हणाले, ताईला ते ऐकू आलं. मग त्यांनी फोन ठेवला आणि भराभर कामाला लागले. दोन्ही गोळ्या बंद. सलाइन लावा. रक्त बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवा, आत्ता. पाण्याच्या गोळीने आणि मीठ तोडल्याने ते औषध अंगात साठत गेलं, असं त्यांनी ताईला उभं राहून सांगितलं. आणखी काही दिवस असंच चाललं असतं तर काय झालं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि ताईने विचारलं नाही. ती तेव्हा मिठाच्या बरणीचा विचार करत होती.

टाकेमावशी बरेच दिवस वॉर्डात पडून होती. पाठीखालची चादर तिनेच जोडलेली निघाली. मधली शिवण पाठीला टोचायची. आयुष्यभर इतक्या चादरी जोडल्या, पण त्यांच्यावर झोपणाऱ्याला काय होतं हे आजवर कळलं नव्हतं. पेशंट कधी तक्रार कशी करत नाहीत, याचं तिला नवल वाटलं. मग वाटलं, करत असतील, आपल्यापर्यंत पोचत नसेल.

ती बरी झाली, म्हणजे जितकं व्हायचं तितकं. गोळी कमी करून पुन्हा सुरू झाली, ब्लडप्रेशरची गोळी बदलली. मूत्रपिंडाला थोडा मार बसला होता, त्यावर आता लक्ष ठेवायचं. म्हणजे आणखी एक दार, आणखी एक रांग. उजव्या हाताची थरथर बरीचशी गेली, सगळी गेली नाही. इनचार्जबाईंनी घड्यांचं काम दिलं, आणि काही आठवड्यांनी न बोलता उशांच्या अभ्र्यांचा ढीग यंत्राशेजारी आणून टाकला. सरळ शिवण, चुकली तरी कुणाचा हात अडकत नाही. झगे मात्र दुसरीकडे जाऊ लागले. लाँड्रीत कुजबुज झाली, थोडे दिवस चालली, मग कुणाच्या तरी लग्नाचा विषय निघाला आणि ती मागे पडली. एक बाई मात्र तेव्हापासून आपली कात्री उचलून आत ठेवते. टाकेमावशीला ते दिसतं.

ताईने घरी दोन्ही पिशव्या एकाच खुंटीला टांगल्या. खुंटी वाकली.

मागच्या डॉक्टरांनी आता तिला सकाळच्या वेळेला बोलावलं होतं, गर्दीच्या आधी, इनचार्जबाईंची रीतसर परवानगी घेऊन. त्या सकाळी सवयीने तिचा हात कपाटाच्या वरच्या फळीकडे गेला. फळी रिकामी. तो गठ्ठा इस्त्रीवाल्याने कधीच धुऊन, इस्त्री करून वॉर्डात पाठवून दिला होता. ती रिकाम्या हाताने निघाली. बोळातून जाताना हातांचं काय करावं ते तिला समजेना. आधी खिशात घातले, मग मागे बांधले, मग दिले सोडून.

आत बाकावर एकच माणूस बसलेलं होतं. हातावर चार पांढरे कोट आडवे, चुणी नावाला नाही. इस्त्रीवाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. या इमारतीत डॉक्टर येतात आठवड्यातून एक, तेही दुसरीकडचे. त्यांचा कोट त्यांच्याच अंगात असतो. मग हे चार कोट कुणाचे? इतक्या वर्षांत हा प्रश्न लाँड्रीत कुणाला पडला नव्हता. तिला तर पडायलाच हवा होता.

इस्त्रीवाल्याने मान खाली घातली आणि बाकावर थोडा सरकला. ती शेजारी बसली. त्याचं दुखणं काय, हे तिने विचारलं नाही. त्याने तिला कधी विचारलं होतं?

"मला साखर निघालीय," तो म्हणाला. "पुढे दाखवायचंय. या गोळ्यांचं सांगावं की नको, कळत नाही." मग त्याने विचारलं, "तुम्ही सांगितलंत तेव्हा काय झालं?"

काहीतरी धीर देणारं बोलावं असं तिला वाटलं. पण खोटं बोलून बोलून ती दमली होती.

"हसले," ती म्हणाली. "आणि मला मागे पाठवायला निघाले. ताई आडवी बसली म्हणून वाचले." त्याच्या हातावरून घसरणारी एका कोटाची बाही तिने वर सारली. "तरी सांगा. पण एकटे जाऊ नका. मी येते, ताईलाही आणते. स्टूल धरून बसायला ती चांगली आहे."

त्याने मान हलवली. आतून कंपाउंडरने हाक मारली, त्याचा नंबर होता. तो उठला आणि हातावरच्या कोटांकडे बघत तसाच उभा राहिला. मग त्याने ते चारही कोट बाकावर टाकून दिले, एकावर एक, कसेही.

"चुरगळतील ना," टाकेमावशी म्हणाली.

"चुरगळू देत," तो म्हणाला आणि आत गेला.